इराणी लघुचित्र: जलरंग आणि सोन्यातलं तुमचं पहिलं पान

'लघुचित्र' हे नाव जरा फसवं आहे. इंग्रजी 'मिनिएचर'चं ते भाषांतर, आणि मिनिएचर म्हणजे लहान असं आपण धरून चालतो. पण तो शब्द आला लॅटिनमधल्या 'मिनियम'वरून, आणि मिनियम म्हणजे आपला शेंदूर. युरोपातल्या हस्तलिखितांत महत्त्वाची अक्षरं शेंदरी रंगात काढायचे, त्यावरून पुढे पोथीतल्या चित्रालाही तेच नाव चिकटलं. इराणमध्ये या कलेला 'निगारगरी' म्हणतात. त्या नावात लहान-मोठ्याचा काही संबंध नाही.

हे आधीच सांगते, कारण शिकायला बसणारा जवळजवळ प्रत्येक जण बारीकपणाला घाबरलेला असतो. माझा हात थरथरतो, मला चष्मा आहे, मला जमेल का? इस्फहानचा थोर चितारी रझा अब्बासी याचं त्याच्या शिष्यानं, मुईन मुसव्विरनं, काढलेलं एक चित्र आहे. त्यात उस्ताद मांडीवर फळी घेऊन काम करत बसले आहेत आणि त्यांच्या डोळ्यांवर चष्मा आहे. बारीक कामाला हात सवयीनं बसतो. चित्र बिघडतं ते क्रम चुकल्यामुळे. कागद तयार नसताना रंग लावला, रंग वाळला नसताना घोटला, घोटला नसताना रेघ ओढली, की कितीही चांगला हात असला तरी पान हातचं जातं. म्हणून या लेखात मी क्रमावरच जास्त बोलणार आहे.

आपण एकच पान करू. बारा बाय अठरा सेंटिमीटर. मधोमध एक सुरूचं झाड, त्याला बिलगून वर चढलेली बदामाची फुललेली फांदी, पायाशी ओहोळ, थोडे खडक, थोडं गवत आणि मागे सोन्याचं आकाश. माणूस नको, घोडा नको. सुरू आणि फुललेली फांदी ही इराणी चित्रांतली फार जुनी जोडी आहे, आणि सगळ्या मुख्य कृती तिच्यात शिकता येतात. सुरू म्हटल्यावर कोकणच्या किनाऱ्यावरची बनं डोळ्यांपुढे आणू नका. नाव फारसी 'सर्व'वरूनच आलं, पण ते झाड वेगळं. इराणचा सुरू दिव्याच्या ज्योतीसारखा, खाली भरलेला आणि वर टोकाला निमुळता. रोज तासभर दिलात तर पान महिन्याभरात होईल.

आधी पाहा

पहिला आठवडा कुंचला हातात न घेता घालवा. सफवी बादशहा तहमास्प याच्यासाठी तबरीझमध्ये शाहनाम्याची, म्हणजे फिरदौसीच्या इराणी राजांवरच्या महाकाव्याची, एक प्रत १५२० च्या दशकात करायला घेतली, तिच्यात २५८ चित्रं होती. विसाव्या शतकात ती प्रत मालकानं सुटी केली, आणि आज तिची पानं जगभर विखुरली आहेत. त्यातली ७८ चित्रं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावर ती मोठी करून पाहता येतात. एक पान उघडा आणि अगदी नखाएवढा भाग पडदाभर होईल इतकं मोठं करा.

काय दिसतं? सावली कुठेच नाही. उजेड एका बाजूनं येत नाही, तो सगळीकडे सारखा आहे. क्षितिज खूप वर, जवळजवळ पानाच्या कडेला. बाग वरून पाहिल्यासारखी पसरलेली, पण तिच्यातलं झाड समोरून पाहिल्यासारखं उभं. दूरचं म्हणून काही पुसट होत नाही. सुलतान मुहम्मद या चिताऱ्यानं याच प्रतीसाठी काढलेलं 'गयुमर्सचा दरबार' हे पान सध्या टोरांटोच्या आगाखान संग्रहालयात आहे. त्यातले खडक नीट पाहा, खडकांत चेहरे लपलेले सापडतील. मी ते पान कित्येक वर्षं पाहते आहे आणि अजून नवे सापडतात.

महाराष्ट्रात या परंपरेचं एक नातं जपून ठेवलेलं आहे. निजामशाहीतलं 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे फारसी काव्याचं सचित्र हस्तलिखित, तालिकोटच्या १५६५ च्या लढाईच्या सुमाराचं, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. अहमदनगरच्या चिताऱ्यांनी काढलेली त्यातली चित्रं इराणी चित्रांशेजारी ठेवून पाहिली, की दख्खननं काय घेतलं आणि स्वतःचं काय घातलं ते कळू लागतं.

कागद

नेहमीचा खरबरीत जलरंगाचा कागद इथे चालत नाही. त्याच्या खळग्यांत रेघ तुटते. बाजारात मिळणारा तीनशे जीएसएमचा, पूर्ण कापसाचा हॉट-प्रेस, म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागाचा, कागद घ्या. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात अजून हातकागद होतो, तोही वापरून पाहण्यासारखा आहे, पण त्याला खळ जास्त लागते.

आधी रंग द्या. पांढराशुभ्र कागद डोळ्यांवर येतो आणि सोनं त्यावर फिकं दिसतं. कोरा चहा उकळून, गाळून, गार करून थाळीत ओता आणि कागद मिनिटभर बुडवून काढा. जुने कारागीर मेंदी, केशर, कांद्याची सालंही वापरत. हस्तिदंती छटा आली की पुरे. वाळल्यावर कागद पुष्कळ फिका होतो, हे धरून चाला.

मग खळ. फारसीत तिला 'आहार' म्हणतात. सुती साडीला करतो तीच ही खळ. दोन चहाचे चमचे गव्हाचं सत्त्व किंवा कॉर्नफ्लॉवर कपभर पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवा, दुधाळपणा जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की उतरवा. गार झाल्यावर फडक्यातून गाळा, एकही गुठळी राहता कामा नये. रुंद मऊ कुंचल्यानं पातळ हात द्या. वाळू द्या. दुसरा हात आडवा. असे तीन. शेवटी अंड्याचा पांढरा बलक चिमूटभर तुरटीची पूड घालून फेटा, रात्रभर झाकून ठेवा आणि फेसाखाली जमलेल्या नितळ पाण्याचा एक हात द्या.

कागद तयार झाला का हे पाहायला कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर झालं. लगेच पसरून शोषला गेला तर खळीचा आणखी एक हात.

आता निदान आठवडाभर कागद वजनाखाली ठेवा आणि मग घोटा. घोटायला अकीकाचा गुळगुळीत दगड लागतो, फारसीत त्याला 'मोहरे' म्हणतात. अकीक मिळाला नाही तर गुळगुळीत काचेचा जाड गोटा चालतो. संगमरवराच्या लादीवर किंवा जाड काचेवर कागद ठेवा आणि मधून कडेकडे, खांद्यातून जोर देत, दगड फिरवा. आपल्या जुन्या पोथ्यांचा घोटीव कागद असाच व्हायचा. कागद तिरपा धरून खिडकीकडे पाहिलं की त्यावर मंद चमक दिसते, आणि बोट फिरवलं तर अंड्याच्या कवचावर फिरल्यासारखं वाटतं. तिथे थांबा.

पावसाळ्यात हे काम काढू नका. मुंबई-कोकणच्या दमट हवेत खळ नीट वाळत नाही आणि बुरशी धरते. खळीवर कसरही येते. तयार कागद बटर पेपरमध्ये गुंडाळून कोरड्या पेटीत ठेवा.

आराखडा आणि खाका

घोटलेल्या कागदावर खोडरबर चालवलं की घोट जातो. म्हणून रेखाटन वेगळ्या कागदावर करायचं. ट्रेसिंग पेपरवर पानाची चौकट आखा आणि सुरूचा आकार ठरवा. तो अगदी मधोमध नको, किंचित डावीकडे. फांदी त्याच्याभोवती दोनदा पुढून आणि दोनदा मागून जाऊ द्या. क्षितिज पानाच्या वरच्या तिसऱ्या भागात. ओहोळ खालच्या कोपऱ्यातून तिरपा.

रेखाटन मनासारखं झालं की सुईनं रेघेवर जवळजवळ भोकं पाडा. हा झाला खाका. तो तयार कागदावर चिकटपट्टीनं बसवा, कोळशाची बारीक पूड मलमलीच्या पुरचुंडीत बांधा आणि खाक्यावर हलकेच थोपटा. खाका उचलला की खाली ठिपक्यांचं चित्र उमटलेलं असतं. रांगोळीचा छाप ज्यांनी वापरला आहे त्यांना हे सांगायला नको. ठिपके अगदी पातळ विटकरी रंगाच्या रेघेनं जोडा आणि कोळसा मऊ पिसानं झटका.

खाका टाकून देऊ नका. शतकानुशतकं चित्रशाळांत असेच खाके गुरूकडून शिष्याकडे जात, आणि एकच घोडा किंवा एकच बसलेला तरुण वेगवेगळ्या पानांत पुन्हा भेटतो तो त्यामुळेच.

सोनं

माझा सगळ्यात जास्त जीव या भागात आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

सोनं सगळ्यात आधी लावा. ते घोटावं लागतं, आणि शेजारी रंग लावलेला असला तर दगड त्यावर घासला जाऊन डाग पडतात. सरावासाठी ट्यूबमधला सोनेरी गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, घ्या, पण तो अभ्रकाचा असतो. तो घोटून उजळत नाही. पहिल्या खऱ्या पानासाठी खरा सोन्याचा वर्ख घ्या. पंचवीस पानांची एक वही आपल्या आकाशाला आणि चौकटीला पुरते. विकत घेताना कॅरेट विचारा. 'इमिटेशन' लिहिलेला वर्ख पितळेचा असतो आणि काही वर्षांत काळवंडतो.

वर्ख वाटायचा असा. पंखा बंद, खिडक्या बंद. हे विसरलात तर पहिलंच पान पडद्यावर जाऊन बसेल. हात साबणानं धुऊन कोरडे करा. पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत अर्धा चमचा मध घ्या, बोटाच्या टोकानं वर्खाचं एक पान उचलून त्यात ठेवा आणि गोल गोल वाटायला लागा. पान दिसेनासं झालं की दुसरं. सगळी पानं गेल्यावर तासभर तरी वाटत राहा. सुरुवातीला बशीत चकाकणारे तुकडे दिसतात, हळूहळू ते मिसळतात आणि मध तपकिरी, मातकट दिसू लागतो. चमक गेली म्हणून घाबरू नका. कण जितके बारीक, तितकं ओलं सोनं मातीसारखं दिसतं.

मग गार पाणी घालून सगळं काचेच्या पेल्यात धुऊन घ्या आणि रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी सोनं बसलेलं असतं. वरचं गोड पाणी अलगद ओता, नवं पाणी घाला, पुन्हा ठेवा. असं तीनदा, म्हणजे मध पूर्ण जातो. उरलेलं सोनं लहान बशीत सुकवा. वापरताना पाण्याचे दोन थेंब आणि डिंकाच्या पातळ पाण्याचा एक थेंब. डिंक जास्त झाला तर सोनं मंद दिसतं, कमी झाला तर बोटाला लागतं.

आकाशाच्या जागेवर आधी यलो ऑकरचा, म्हणजे आपल्या पिवडीचा, एक सपाट हात द्या. सोन्यात कुठे विरळ जागा राहिली तर खालून पांढरं डोकावत नाही. सुरूच्या आकारात सोनं जाऊ देऊ नका, घोटलेल्या सोन्यावर रंग नीट धरत नाही. सोनं जड असतं, बशीत लगेच खाली बसतं, म्हणून दर वेळी कुंचल्यानं ढवळून घ्या. दोन पातळ हात.

आणि मग वाट पाहा. माझं पहिलं सोन्याचं आकाश मी जुलैत केलं होतं. दुसऱ्या दिवशी हात लावून पाहिलं, कोरडं वाटलं, आणि मी अकीक फिरवला. दगडाबरोबर रुपयाएवढं आकाश उचलून आलं. वरून वाळलेलं सोनं खाली डिंकात ओलं होतं. ते पान अजून माझ्याकडे आहे. त्यानंतर मी कोरड्या दिवसांतही दोन दिवस थांबते.

घोटताना आधी सोन्यावर बटर पेपर ठेवून त्यावरून दगड फिरवा, नंतर कागद काढून हलक्या हातानं थेट. मातकट पिवळ्याचा एका क्षणात उजेड होतो. शिकवताना या क्षणी मी नेहमी शिकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहते.

जुन्या पानांत शेजारीशेजारी दोन प्रकारचं सोनं दिसतं. एक तांबूस पिवळं, एक चांदी मिसळलेलं हिरवट. काही ठिकाणी बोथट सुईनं सोन्यावर ठिपके टोचलेले असतात, पान हललं की ते लुकलुकतात. हे पुढच्या पानासाठी ठेवा.

रंग

जुनी रंगपेटी आपल्याला नावानं ओळखीची आहे: हिंगूळ, हरताळ, शेंदूर, सफेदा, जंगाल, नीळ. यातल्या हिंगुळात पारा, हरताळात आर्सेनिक, शेंदूर आणि सफेद्यात शिसं. हे रंग घरी कुटू-वाटू नका. नवशिक्यानं तर मुळीच नाही, आणि घरात लहान मूल असेल तर नावही काढू नका. जंगाल म्हणजे तांब्याचा हिरवा गंज, तो तर कागदच खातो. जुन्या पानांत हिरवा भाग तपकिरी पडून फाटलेला दिसतो तो त्याच्यामुळे. सगळ्यात मोलाचा निळा म्हणजे लाजवर्द, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला दगड. आपल्या अजिंठ्याच्या भिंतींवरही लाजवर्दाचा निळा आहे. आज ट्यूबमधला अल्ट्रामरीन ती जागा चांगली भरून काढतो.

साधे, चांगल्या प्रतीचे जलरंग आणि झिंक व्हाइट गुआश एवढं पुरे. जलरंग शिकलेल्यांना इथे एक सवय मोडावी लागते. पाणी वाहू देणं, रंग एकमेकांत उतरू देणं इथे नाही. प्रत्येक रंगात थोडा पांढरा घालून तो अपारदर्शक करायचा, दुधाइतका पातळ ठेवायचा आणि सपाट भरायचा. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात. जाड रंग घोटताना तडकतो.

जमिनीला फिका जांभळा किंवा फिका हिरवा घ्या. खडकांना गुलाबी, निळसर, मोतिया असे रंग शेजारीशेजारी. इराणी खडक करडा क्वचितच असतो. सुरूला गडद हिरवा, त्यात निळीची छटा. ओहोळाला राखी निळा. पूर्वी पाण्याला चांदी लावत, आणि ती चांदी काळी पडल्यामुळे आज जुन्या चित्रांतले ओढे काळेभोर दिसतात. तुम्ही चांदी लावू नका.

रंग पुरता वाळला की चित्र पालथं करून स्वच्छ काचेवर ठेवा आणि मागून घोटा. रंगाचे कण दाबले जाऊन पृष्ठभाग मीनाकामासारखा एकसंध होतो. याआधी कितीही सुंदर रेघ काढलीत तरी ती खरबरीत रंगावर फाटते.

परदाज आणि रेघ

आता बारीक काम. अगदी शून्य-शून्य-शून्य क्रमांकाचा कुंचला घेण्याचा मोह आवरा. त्याच्या दोन-चार केसांत रंगच मावत नाही आणि रेघ मध्येच सुकते. एक किंवा दोन क्रमांकाचा, पोट भरलेला पण टोक सुईसारखं असलेला सेबल केसांचा कुंचला घ्या. पूर्वी मांजरीच्या किंवा खारीच्या केसांचे कुंचले करत, तिथेही सगळी पारख टोकाची असे.

आठ दिवस रोज वहीवर रेघा ओढा. एका सेंटिमीटरात दहा, एकमेकींना न चिकटता. मग बारीक सुरू होऊन मधे फुगून पुन्हा बारीक होणारी रेघ, इराणी रेघेचा सगळा जीव या फुगवट्यात आहे. रेघ स्वतःकडे ओढा, बाहेर ढकलू नका. दिशा बदलायची तर कागद फिरवा, मनगट नाही.

'परदाज' म्हणजे अगदी बारीक ठिपक्यांनी किंवा केसाएवढ्या रेघांनी रंगाला गडद-फिकं करणं. सुरूच्या कडेनं आत थोडे गडद ठिपके, खडकाच्या कंगोऱ्यांना त्याच रंगाची गडद छटा. ही सावली नाही, ही फक्त आकाराची गोलाई. जास्त केलंत तर चित्र मळकं दिसतं.

सुरूची पानं आता एकेक काढा. गडद हिरव्यावर फिक्या हिरव्यानं, खालून वर, लहान वळणदार फटकारे. इथे घाई झाली की लगेच दिसते. बदामाचं फूल काढताना पाच पांढऱ्या पाकळ्या, प्रत्येकीच्या बुडाशी गुलाबी ठिपका, मधे पिवळे केसर. जी फुलं सोन्यावर येतात त्यांच्या रंगात डिंकाचा एक थेंब जास्त घाला.

सगळ्यात शेवटी बाह्यरेघा, ज्याला 'कलमगिरी' म्हणतात. काळी शाई सरसकट नको. पांढऱ्या फुलाला विटकरी, हिरव्याला गडद हिरवी, खडकाला जांभळट तपकिरी. काळी फक्त खोडाला.

चौकट

चित्राभोवतीच्या आखलेल्या रेघांना 'जदवल' म्हणतात. आखणीच्या रुलिंग पेनात सोनं भरून तीन मिलिमीटरची पट्टी ओढा, वाळल्यावर घोटा, मग तिच्या दोन्ही कडांना केसाएवढी काळी रेघ आणि बाहेर थोडं अंतर सोडून एक निळी. काळ्या रेघांमुळे सोन्याची कड धारदार होते. फांदीचं एखादं टोक चौकटीबाहेर जाऊ द्या, जुन्या उस्तादांना हे फार आवडे.

सही करायची असेल तर रझा अब्बासीची पाहून घ्या. तो स्वतःच्या नावाआधी 'कमीने', म्हणजे 'लीन', असं लिहायचा, लहान अक्षरांत. तुम्ही एखाद्या खडकाच्या कडेला लिहा. पानाच्या मागे पेन्सिलनं तारीख, कुठला वर्ख, कुठला कागद आणि खळीचे किती हात दिले तेही नोंदवून ठेवा. दुसरं पान करायला बसाल तेव्हा ही नोंद उपयोगी पडेल.